परत आलेलं ताट

८ जानेवारी

बाबा,

हे पत्र ताईला न सांगता लिहितोय. आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं, म्हणून खाडाखोड दिसणार नाही. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तरी माझी बोबडी वळते. कागदावर तेवढं होत नाही.

आधी सगळ्यांची खुशाली. ताई बरी आहे. मीही बरा आहे. भांडीवाल्या मावशींचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ तशीच आहे. आपल्या खाणावळीतली टेबलं भिंतीला लावून ठेवलीत असं मी आत्याला फोनवर सांगितलं होतं. ते तितकंसं खरं नाही. टेबलं विकली. तिथे आता पुठ्ठ्याच्या डब्यांच्या चवडी आहेत, पार छताला लागलेल्या. पण भांडी घासायच्या मोरीची खिडकी आहे तशीच आहे, आणि तिच्याखालचा तुमचा स्टूलही. एकदा शिट्टी त्यावर टेकला. मावशी लगेच म्हणाल्या, "ऊठ रे. जागा रिकामी नाही ती. माणूस बाहेर गेलंय."

शिट्टी म्हणजे डबे घरोघर पोचवणारा. गल्लीत शिरतानाच शिट्टी वाजवतो, म्हणून ते नाव. तसे चार-पाच जण येऊन जाऊन असतात, पण हा आपल्या घरचाच झालाय.

तुम्ही आत्याकडे निघून गेलात त्या दिवशी ताईला म्हणालात, "ज्या माणसाचं ताट मला परत बघता येत नाही, त्याच्यासाठी मी रांधणार नाही. आणि माझा मासा खोक्यात बसून कुठे जाणार नाही." त्यावर ताई काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंच असेल, कारण दार उघडंच होतं. ते मी लिहीत नाही. पण तुमची पाठ वळल्यावर ती काय म्हणाली ते तुम्हाला माहीत नाही. ती मला म्हणाली, "मासा यादीतून काढ. बाबा हो म्हणेपर्यंत लावायचा नाही." तेव्हापासून मासा बंद आहे. जुनी गिऱ्हाइकं ॲपवर जेवण मागवताना खाली चौकटीत लिहितात, "मासा कधी?" ताई उत्तर देत नाही.

ॲपला तुम्ही नावं ठेवता. ठेवा. मीही ठेवायचो. पण एक सांगतो. पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण आहे, घरात दुसरं कुणी नाही. ती रोज सूप आणि भात मागवते आणि लिहिते, "बेल वाजवू नका, बाळाचा आत्ताच डोळा लागलाय." त्या गल्लीत शिट्टी शिट्टी वाजवत नाही. चपला हातात घेऊन जिना चढतो. बाबा, ही बाई आपल्या टेबलापर्यंत कधी आली असती का? आपण इतकी वर्षं फक्त चालत येऊ शकणाऱ्यांनाच वाढत होतो, हे आधी कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अजून एक गोष्ट आहे, ती पुढच्या पत्रात लिहीन. की आत्ताच लिहू? ताईला एका मोठ्या कंपनीच्या स्वयंपाकघरात नोकरी चालून आली आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत कळवायचंय. ती हो म्हणाली तर आपल्याकडचा गॅस कायमचा बंद.

तुमचा,
मोजपट्टी


२१ जानेवारी

बाबा,

तुमचं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमनची वाट बघण्यात माझे दोन भात लागले.

मी तुम्हाला ताईची एक पद्धत सांगणार आहे. रागावू नका, आधी ऐका. ताई हल्ली पातेल्यातलं चाखत नाही. पदार्थ तयार झाला की मी तो डब्यात भरतो आणि शिट्टी तो डबा पाठीवर टाकून गावभर फिरवून आणतो. सिग्नल, खड्डे, चढ, सगळं. परत आला की ताई डबा उघडते आणि मगच चमचा बुडवते. सुरुवातीला मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. मावशी तर म्हणाल्या, "वरात काढते काय गं रश्शाची?"

ताई म्हणाली, "मावशी, चुलीवर लागणारी चव माझी. दारात लागणारी चव गिऱ्हाइकाची. मला त्याची चव बघायचीय."

आणि खरंच, बाबा, दोन्ही चवी वेगळ्या असतात. भात गाडीवर बसून आला की दबतो, म्हणून ती तो आता किंचित मोकळा काढते. सूपमधलं मीठ वाटेत वर येतं, म्हणून ती ते हात राखून घालते. नूडल्स चिकटतात, म्हणून रस वेगळा देते आणि झाकणावर मी लिहितो, "आधी ओता, मग ढवळा." एक पदार्थ तिने अकरा वेळा फिरवला. शिट्टी म्हणाला, "ताई, एवढं तर मी माझ्या लग्नासाठी मुली बघायला नाही फिरलो." ताई त्याला प्रत्येक फेरीचे पैसे देते. नाही म्हटला तरी खिशात कोंबते.

मी तिच्याकडे बघतच राहतो. तुम्ही म्हणायचात, पोरीच्या हातात तुमची चव आहे पण अंगात तुमचा संयम नाही. आता येऊन बघा.

म्हणजे या असं मी म्हणत नाहीये.

परवा सकाळी मी लवकर आलो, तर आत तेलाचा वास होता. ताई मासा तळत होती. तुमचाच, अख्खा, तुमच्याच पिठात. मला बघून दचकली. म्हणाली, "आत्याला फोनवर काही बोलशील तर बघ." आत्याला नाहीच बोललो. पत्राचं ती काही म्हणाली नाही.

मासा तव्यावर झकास झाला होता. फिरून आला तेव्हा ओल्या चादरीसारखा. ताईने डबा उघडला, बोटाने वरचा पापुद्रा दाबला आणि झाकण लावलं.

तुमचा,
मोजपट्टी


४ फेब्रुवारी

बाबा,

आत्याचा फोन आला होता. म्हणाली, "तुझी पत्रं उभ्यानेच वाचतो, मग बसून पुन्हा वाचतो. मला देत नाही." हे तुम्हाला सांगू नकोस असंही म्हणाली होती. माफ करा, कागदावर उतरून गेलं.

ताईचा हात आता बरा आहे. तेल उडालं होतं. हे मागच्या पत्रात लिहायचं मी टाळलं होतं.

माशाचं सांगतो. तिने पीठ बदललं, तेल बदललं, दोनदा तळून बघितला. शिट्टी गाडी हळू चालवून बघू लागला, मग जोरात. मासा येताना ओलाच. ताई रात्री नीट जेवत नव्हती. शेवटी एक दिवस शिट्टी माझ्यासमोर उभा राहून मी डबा बंद करतो ते बघत राहिला. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. सांडलं तर? लवंडलं तर? म्हणून मी प्रत्येक डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारतो, आणि मग वरून एक आडवी.

"ही आडवी कशाला?" शिट्टी म्हणाला.

"झाकणाला भोकं आहेत. कारखान्यातून सदोष माल आलाय. मी बुजवतो."

शिट्टीने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण रस्त्यात झोपलेल्या म्हशीकडे बघतो. "अरे देवमाणसा, ती वाफ जायला ठेवलेली भोकं आहेत!"

बाबा, विचार करा. इतके दिवस ताई पीठ बदलत होती, हात भाजून घेत होती, आणि मी इकडे माशाला वाफेच्या खोलीत कोंडत होतो. मी जाऊन तिला सांगितलं. वाटलं, आता झारा फेकून मारणार. तिने झारा खाली ठेवला. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "काळजी करून करून माशाचा जीव घेतलास रे, मोजपट्टी. तोही मेल्यानंतर."

एवढंच. पुढे त्यावरून एक शब्द बोलली नाही. मावशी मात्र अजून प्रत्येकाला सांगतात.

पट्टी काढल्यावर मासा पुष्कळ सुधारला. ताई म्हणते, चांगला आहे. पण चांगला म्हणताना तिची भुवई वर जाते. तुमचीही जायची.

तुमचा,
मोजपट्टी


१३ फेब्रुवारी

बाबा,

तुमचा निरोप मिळाला. आत्याने शब्दन्‌शब्द सांगितला. "त्याला विचार, ताटं परत येतात का?"

मी तो ताईला सांगितला. म्हणजे आता पत्रांचं तिला कळलंय. ती रागावली नाही. कांदा चिरत होती, चिरायची थांबली. म्हणाली, "नाही येत म्हणावं. तेवढं एक त्यांचं खरं आहे."

मला आठवतं, बाबा. तुम्ही कधीही गिऱ्हाइकाला जेवण कसं झालं असं विचारलं नाहीत. म्हणायचात, माणूस तोंडदेखलं बोलतो, ताट बोलत नाही तोंडदेखलं. गर्दी ओसरली की खिडकीखाली स्टूल टाकून बसायचात आणि मावशींच्या हातात जाण्याआधी प्रत्येक ताट बघायचात. कुणी भात बाजूला सारलाय, कुणी रस्सा पुसून घेतलाय, कुणी कोथिंबीर उगाच निवडून ठेवलीय. "हा बघ, यानं पावाची कड टाकली. दात दुखतोय. उद्या मऊ दे." आणि तो दुसऱ्या दिवशी खरंच गालाला हात लावून यायचा.

आता ताट येत नाही. चांदण्या येतात. मोबाइलवर, पाचातल्या किती ते. एकाने लिहिलं, "जेवण उत्तम, पण पाऊस फार होता," आणि एकच चांदणी दिली. पाऊस आम्ही पाठवला होता का? एकीने पाचही दिल्या आणि काहीच लिहिलं नाही. काय आवडलं? कुणास ठाऊक. आणि चांदण्या कमी झाल्या की आपण यादीत खाली जातो, खाली गेलो की कुणाला दिसत नाही. वरचं लोणी ॲपवाले काढून घेतात ते वेगळंच. मागच्या आठवड्यात शिट्टी ओल्या रस्त्यावर घसरला, गुडघा सोलवटला, तर त्याच्या मोबाइलवर पहिला प्रश्न आला, "ऑर्डर सुरक्षित आहे का?" तो हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

हे सगळं मी लिहितोय कारण तुम्हाला वाटेल मी ॲपची वकिली करतोय. तशी थोडी करतोही. त्या बाळंतिणीचं बाळ आता हसतं म्हणे, शिट्टीने बघितलं. पायाला प्लास्टर घातलेला एक ड्रायव्हर आहे, दोरीला पिशवी बांधून खिडकीतून डबा वर ओढतो. रोज ओरडून "आलं रे आलं!" म्हणतो, जसं काही मासाच गळाला लागला. असली माणसं दिसतात आता. आधी दिसत नव्हती.

तर ताईने काय ठरवलंय ते ऐका. काल ती मोबाइल घेऊन बसली आणि त्यात आत्याचा पत्ता घातला. नकाशावर आपल्या स्वयंपाकघराभोवती एक वर्तुळ असतं, तेवढ्यातच डबे जातात. उत्तर आलं, या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही. तुम्ही पुलाच्या पलीकडे आहात. वर्तुळ पुलावरच संपतं.

ताईने नकाशात पुलाच्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "शिट्टी, तुझी सुट्टी कधी असते?"

"रविवारी. का?"

"मला एक ताट परत आणून हवंय."

तुम्ही खाल्लं नाही तर ती मासा लावणार नाही. माशाशिवाय हे चालणार नाही, हे तिला कळलंय, मलाही. सोमवारी ती कंपनीला नोकरीचं कळवणार होती, ते तिने पुढे ढकललंय. किती पुढे ते तुमच्यावर आहे असं ती म्हणाली नाही. मी म्हणतोय.

तुमचा,
मोजपट्टी


रविवार, डब्याच्या झाकणावर

बाबा, आधी हे वाचा.

वर भोकं आहेत. मी बुजवलेली नाहीत. उघडताना तोंड लांब ठेवा.

शिट्टी बाहेर जिन्यात थांबलाय. त्याला घाई नाही असं तो म्हणेल. घाई नसतेच आज, सुट्टी आहे. त्याला पाणी विचारा.

खायचं असेल तर खा. नसेल खायचं तर तसंच परत पाठवा. पण पाठवा. धुऊ नका.


१९ फेब्रुवारी

बाबा,

डबा परत आला. आजवर आपल्याकडून इतके डबे गेले, पण कुणी जेवून परत पाठवलेला हा पहिलाच.

शिट्टी म्हणाला, "दार लावून घेतलं त्यांनी. मी जिन्यात. आतून आवाज नाही. मला वाटलं, झोपले. मग दार किलकिलं झालं, डबा बाहेर आला, हात आत गेला. पाणी आत्यांनी दिलं. लाडूही एकच देणार होत्या, पण 'तू दुसऱ्यांचं पोचवतोस, तुझं खाऊन घे' असं आतून कुणीतरी ओरडलं, म्हणून दोन दिले."

ताईने डबा ओट्यावर नाही ठेवला. मोरीच्या खिडकीत ठेवला. मग तुमच्या स्टुलावर बसली. मावशी काही म्हणाल्या नाहीत. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो.

मधला काटा स्वच्छ होता. वरची बाजू सगळी खाल्लेली. आणि खालच्या बाजूचा पापुद्रा, तेवढाच, अलगद सोडवून डब्याच्या कोपऱ्यात घडी करून ठेवलेला. जणू कुणी ओला रुमाल ठेवलाय.

मला वाटलं, संपलं. ताई मात्र पुढे वाकून हळूच म्हणाली, "खालची बाजू. वर वाफ जाते, खाली घाम येतो. मी वरच बघत बसले." आणि मग एकदम उठली. "शिळा पाव! मावशी, बाबा तळलेला मासा कशावर काढून ठेवायचे?"

"पावावर," मावशी म्हणाल्या. "कागदावर ठेवला तर आई-बाप काढायचे. त्यांचं म्हणणं, कागद तेल पितो आणि परत ओकतो, पाव पितो आणि गप्प बसतो."

हे आम्हाला दोघांना माहीत होतं, बाबा. रोज बघितलेलं. पण पाव ताटात वाढायचा नसतो, म्हणून तो डब्यात ठेवता येईल हे सुचलंच नाही. आता डब्याच्या तळाशी शिळ्या पावाच्या कडा आडव्या-उभ्या रचतो. रचायचं काम माझ्याकडे आहे. तुम्हाला आवडेल, सगळ्या सारख्या कापतो.

पुढच्या रविवारी शिट्टी डबा घेऊन पुन्हा येईल.

तुमचा,
मोजपट्टी


२६ फेब्रुवारी

बाबा,

हे कच्चंच पाठवतोय. पक्कं करायला धीर नाही.

डबा आला तेव्हा सगळे होते. खिडकीत ठेवला. ताई या वेळी बसली नाही, उभीच. मला म्हणाली, "तू उघड."

मी उघडला. काटा स्वच्छ, कंगव्यासारखा. पापुद्रा कुठेच नाही, ना वरचा ना खालचा. पावाच्या कडासुद्धा खाल्लेल्या, एक सोडून. पण शेपटी होती. शेपटीचा अख्खा तुकडा, न शिवलेला, त्या एका कडेवर, बरोबर मधोमध.

 मी म्हणालो, "टाकली. शेपटी टाकली. आवडला नाही. कडक झाली असेल, मी सांगत होतो ना, टोकाला तेल जास्त..."

"गप रे," मावशी म्हणाल्या.

ताईकडे बघितलं तर तिचा चेहराच वेगळा होता. लहान झाली होती, बाबा. मग मला कळलं. मला उशिरा कळतं. घाण्यातला पहिला मासा तुम्ही कुणाच्या ताटात वाढायचात नाहीत. आधी त्याची शेपटी तोडून ओट्याच्या कडेवर ठेवायचात आणि वर न बघता म्हणायचात, "घ्या, मालकीणबाई, पास करा." ताई फ्रॉकला हात पुसत यायची. मासा मनासारखा नसला की शेपटी निघायचीच नाही. मला तुम्ही कधी दिली नाहीत, कारण मी काट्याला भ्यायचो. बरोबर होतं.

ताईने फ्रॉकला नाही, ॲप्रनला हात पुसले. शेपटी उचलली. बाबा, तो तुकडा आपल्या तव्यावरून निघाला, पूल ओलांडला, जिना चढला, तुमच्या ताटात बसला, पुन्हा डब्यात बसला, जिना उतरला, पूल ओलांडला आणि परत आला. थंडगार झाला असणार. मी मनात म्हणालो, आता हा नक्की मऊ पडलेला असणार, आणि ती काही बोलणार नाही, आणि आम्ही सगळे काही झालं नाही असं दाखवू.

शिट्टीने हेल्मेट काढून हातात धरलं. मावशींनी नळ बंद केला.

ताईने चावा घेतला, आणि कुर्रकन आवाज झाला. मोरीपर्यंत ऐकू गेला.